तुतीचे पाच ठोकळे

ती. मामांच्या पायांशी साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सध्या पाचच अंगं चालू आहेत. कंबर, उजवा खांदा आणि डाव्या हाताचा अंगठा ही तीन कागदावर समजून घ्यावीत. कारण पुढे येईलच.)

तुमच्या डोळ्यांचं कसं आहे? थेंब वेळच्या वेळी घालता ना? की अजून बाटली चष्म्याच्या घरात आणि चष्मा बाटलीच्या खोक्यात? हे पत्र मामीच वाचून दाखवणार हे धरून लिहितो आहे, तेव्हा त्यांनाही नमस्कार. मामी, मधेमधे मी रडलो आहे, ती वाक्यं गाळलीत तरी अर्थ बिघडत नाही. आमच्याकडे सौ. ठीक आहे, फक्त माझ्याशी कामापुरतं बोलते. आईचा पाय बरा आहे, पण काठी घ्यायला अजून तयार नाही. काठी म्हातारे घेतात म्हणते आणि घरातल्या घरात छत्री टेकत फिरते. परवा बाहेरच्या खोलीत ती उघडली गेली आणि तिच्यामागे आई पाच मिनिटं कुणालाच सापडली नाही.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण आमच्या घरात फोनवर कुजबुजलेलं आईला शेवटच्या खोलीत ऐकू येतं. (शेजारी बसून सांगितलेलं येत नाही.) आणि जे सांगायचं आहे ते तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही.

चार महिन्यांपूर्वी तुम्ही कळवलंत की डोळ्यांपुढे धुकं वाढत चाललं आहे, लेथवर लाकूड कातणं फार दिवस जमणार नाही, तेव्हा शेवटचं काम म्हणून अक्काच्या, म्हणजे आमच्या आईच्या, काठीला मूठ करून द्यायची इच्छा आहे. अट दोन. लाकूड त्या तुतीचंच पाहिजे, आणि मूठ हातात पडेपर्यंत ती कुणी केली हे तिला कळता कामा नये. गेल्या आठवड्यात पुन्हा कळवलंत की लेथला गिऱ्हाईक मिळालं, रविवारी संध्याकाळी टेम्पो येणार, त्याआधी लाकूड घेऊन ये. मामा, आज मंगळवार. लाकूड नाही. होतं, आता नाही. जे झालं ते सगळं खाली लिहितो, कारण तुमच्यापासून लपवून मला पाणीही गोड लागायचं नाही.

आधी त्या झाडाचं. तुम्हाला हे माहीत आहे, पण मामी तेव्हा माहेरी होत्या आणि तुमच्या तोंडून एक आणि आईच्या तोंडून दुसरी अशा दोन निरनिराळ्या हकिकती त्यांनी ऐकल्या आहेत. मी खिडकीत उभा होतो, म्हणून माझी तिसरी. तीन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या (म्हणजे आजोबांच्याच घराच्या) परसातल्या तुतीच्या बुंध्यावर बोटाची पेरं वाजवलीत, कान लावलात आणि म्हणालात, हे पोकळ झालंय, उतरवून टाका. आई म्हणाली, कातारी माणसाला झाड दिसत नाही, मुठी आणि लाटणी दिसतात. (ती स्वतः कातारी बापाची मुलगी आहे हे ती अशा वेळी विसरते.) पुढच्याच महिन्यात वारा सुटला आणि झाड पडलं ते नेमकं तुमच्या स्कूटरवर, जी तुम्ही दोन मिनिटांसाठी त्याच्याखाली लावली होतीत. कुणाला इजा झाली नाही. आई बाहेर आली, तिने झाड बघितलं, स्कूटर बघितली, आणि तुम्ही म्हणालात, "मी सांगितलं होतं."

मामा, तुम्ही थोरांपैकी आहात, मी काय बोलणार. पण तेवढे तीन शब्द गिळले असतेत तर आज मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. त्या दिवसापासून तुम्ही बहीणभाऊ एकमेकांशी बोलला नाहीत. ज्या झाडावर तुम्ही दोघं चढायचात, ज्याच्या फळांच्या डागांवरून तुम्ही आजोबांचा मार खाल्लात, ते परसात आडवं पडून राहिलं, आणि आईने ना ते कुणाला न्यायला दिलं, ना त्याच्याकडे बघितलं.

तुमचं पत्र आल्यावर मी करवतीवाल्याला बोलावलं आणि बुंध्यातून मुठीच्या मापाचे पाच ठोकळे काढून घेतले. तुम्ही लिहिलं होतंत, घेण्याआधी ठोकून बघ. मी ठोकले. पाचही ठोकले. पण मामा, आयुष्यभर विमा कंपनीत बसलेल्या माणसाला लाकूड काय सांगतं हे कसं कळणार? माझा लाकडाशी संबंध खुर्चीपुरता. मला पाचही ठोकळ्यांतून 'टक' असंच ऐकू आलं. मग मी डोळ्यांवर विसंबलो. चार ठोकळ्यांत कुजण्याने अशा काही काळ्या रेघा उमटल्या होत्या की कुणी बारीक कुंचल्याने काढल्यात असं वाटावं. पाचवा साधा, पिवळट, नाकासमोर बघणारा. तो दुसऱ्याच दिवशी दिसेनासा झाला. बहुतेक भुशाबरोबर गेला असावा. मी म्हटलं, जाऊ दे, चार देखणे उरलेत. आता लक्षात येतं, माझ्या आयुष्यातले सगळे निर्णय मी असेच घेतले आहेत.

देखणे होते, पण नखाने दाबलं की नख आत जायचं. मी हळहळत असताना आमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी (भौतिकशास्त्र शिकवायचे, निवृत्त झाल्यापासून मलाच शिकवतात) सांगितलं की पोचट लाकडाला रेझिन पाजतात. लाकूड भांड्यात रेझिनखाली बुडवायचं, पंपाने भांड्यातली हवा ओढून घ्यायची म्हणजे लाकडाच्या पोटातलीही हवा बुडबुडे होऊन निघते. मग पंप बंद करून हवा परत सोडली की रिकाम्या पोटात रेझिन शिरतं, आणि भट्टीत तापवलं की आतल्या आत घट्ट होतं. भुसभुशीत लाकूड दगडासारखं होतं. माणसांसाठी असं काही निघालं तर मी पहिला नंबर लावीन.

हे करून देणारा एक कारखाना सापडला. दोन ठोकळे तिकडे पाठवले. सोबत एक फॉर्म होता. लाकूड पूर्ण सुकवलं आहे का, या प्रश्नापुढे मी 'हो' लिहिलं, कारण हाताला कोरडं लागत होतं. रेझिनमध्ये रंग हवा का, यापुढे 'चालेल' लिहिलं, कारण नको म्हणणं उद्धटपणाचं वाटलं. पाच आठवड्यांनी ठोकळे परत आले, पोपटी. मामा, पोपटी म्हणजे लहान मुलांच्या खेळण्यांना देतात तसा. सोबत चिठ्ठी, की आपलं लाकूड आतून ओलं होतं, त्यामुळे रेझिन वरवरच गेलं, पुढच्या वेळी खरोखर सुकवून पाठवावं. तो 'खरोखर' मला फार लागला. एक ठोकळा कापून बघितला. बाहेर पोपट, आत जुना भुसा. दुसरा चिरत गेला तो आपणहून. आईने तुकडे बघितले आणि छत्री टेकत निघून गेली.

उरले दोन. आता कुणाच्या हाती द्यायचे नाहीत, घरीच करायचं, असं मी ठरवलं. (अंगठा इथे गेला. पंपाचं खोकं उघडताना.) पंप आणला, जाड काचेच्या झाकणाचं भांडं आणलं, रेझिनचा डबा आणला. सौ. घरी केक करून विकते हे तुम्हाला माहीत आहेच. तिचा ओव्हन आणि तिचा ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवणारा काटा या दोन वस्तूंना घरात देवाच्या खालोखाल मान आहे. तरी तिने ठोकळे सुकवण्यापुरता ओव्हन दिला. लाकडाचा वास गोड येतो म्हणाली. (आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. माझ्या कुठल्याही कामाला तिने गोड म्हटल्याची ही एकच नोंद.)

सुकवायची रीत अशी. ठोकळा ओव्हनमध्ये ठेवायचा, काही तासांनी वजन करायचं, पेन्सिलीने त्यावरच लिहायचं, वहीतही उतरवायचं, परत ठेवायचं. वजन उतरायचं थांबलं की सुकला. माझ्या ठोकळ्यांचं वजन दिवसभर उतरायचं, संध्याकाळी सौ.ला केकसाठी ओव्हन लागायचा म्हणून मी ते काढून टेबलावर ठेवायचो, आणि सकाळी बघावं तर वजन पुन्हा चढलेलं. नऊ दिवस. मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, हवेतलं बाष्प. म्हणून खिडक्या बंद केल्या. मग म्हणाले, काटा. सौ.च्या काट्यावर संशय घेतल्याबद्दल त्या संध्याकाळी मला जेवण वाढलं गेलं, पण ज्या पद्धतीने वाढलं गेलं ते पाहता न वाढलेलं बरं होतं. शेवटी मास्तर माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले. मी स्वतःही माझ्याकडे तसाच बघू लागलो होतो.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मी चष्मा विसरलो म्हणून खोलीत परत आलो. आई टेबलाशी बसली होती. छत्री खुर्चीला लावलेली, हातात ओलं फडकं, आणि ती एकेक ठोकळा उचलून पुसत होती. नुसतं फडकं मारून नव्हे. सावकाश, सगळ्या बाजूंनी, पिळून पुन्हा भिजवून. माझे पेन्सिलीचे आकडे रोज पुसट का व्हायचे ते आता कळलं, आणि रोज रात्री चढणारं पाणी हे होतं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, धूळ बसते. तुम्हाला तिचा स्वभाव माहीत आहे. टेबलावर पडलेली कुठलीही वस्तू, मग ते वर्तमानपत्र असो की झोपलेला जावई, ती ओल्या फडक्याने पुसणारच. मी डोकं धरून बसलो. ओरडायचं होतं, पण तिच्या हातातला ठोकळा तिने इतका जपून खाली ठेवला की ओरडता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी ठोकळे माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवले, आणि तीन दिवसांत सुकले.

तिसरा ठोकळा. मी भांडं काठोकाठ भरलं, कारण ठोकळा बुडालेला राहायला हवा असं लिहिलं होतं. (वर जागा सोडा, हेही लिहिलं होतं. पुढच्या पानावर.) पंप सुरू केला आणि रेझिनला असा फेस आला की दूध उतू जावं तसं ते वर चढून नळीत शिरलं, नळीतून पंपात गेलं. पंपाने एक आचका दिला आणि मान टाकली. मी घाईने झाकण उचलायला गेलो, ते हवेने चिकटलं होतं, मी जोर लावला, नळी सुटली, भांडं सुटलं, आणि कंबर व खांदा हे दोन अवयव त्याच वेळी तुमच्या सेवेतून निवृत्त झाले. ठोकळा भांड्याबरोबर फरशीवर पडून मधोमध दुभंगला. रेझिन सौ.च्या ओव्हनखाली गेलं. ती कामाला बाहेर गेली होती, म्हणून मी हे लिहायला जिवंत आहे. आल्यावर तिने एकच गोष्ट सांगितली, की यापुढे त्या डब्यातला एक थेंबही तिच्या ओव्हनच्या दारात दिसता कामा नये.

उरला एक. मामा, त्या एका ठोकळ्याशी मी कसा वागलो म्हणून सांगू. ओळखीच्या फ्रीजवाल्याकडून पंप मागून आणला. त्याला बजावलं, तूच लाव, मी हात लावत नाही. भांडं अर्धंच भरलं. ठोकळा तरंगू नये म्हणून वर वजन ठेवलं. बुडबुडे सुरू झाले, आधी धो धो, मग मोत्यांच्या सरीसारखे, मग एकेक. सकाळपासून दुपारपर्यंत मी समोर बसून राहिलो. आईही येऊन बसली. काय निघतंय, म्हणाली. मी म्हटलं, जुनी हवा. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "इतकी होती होय आत." चार महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की हे जमणार.

पंप बंद करून ठोकळा दिवसभर मुरू दिला. तो बाहेर काढला तेव्हा दगडासारखा जड, आणि त्या काळ्या रेघा अशा उठून आलेल्या की मला तुमच्या हातातली मूठ तिथल्या तिथे दिसली. आता फक्त तापवायचा राहिला होता. सौ.चा ओव्हन बंद, म्हणून माळ्यावरून तिचा जुना छोटा ओव्हन उतरवला. ठोकळा कागदासारख्या पातळ पत्र्यात गुंडाळला, बटण नव्वदवर लावलं, आणि मागच्या अंगणात ठेवून नखं खात बसलो. तासाभराने धूर आला. मग मास्तर आले. मग समोरच्या इमारतीतले लोक आले. पत्रा सोडला तेव्हा आत जे होतं त्याने फळ्यावर लिहिता आलं असतं, पण फळा पांढरा लागला असता. सौ. धावत आली, तिने ओव्हन ओळखला आणि म्हणाली की हा नव्वदवर लावला तरी दोनशेच्या वर तापतो, म्हणून तर माळ्यावर टाकला, दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

तेव्हा मला कळलं, मामा, आई तुमच्यावर का चिडली ते. अशा वेळी ते शब्द ऐकणं फार वाईट असतं.

तर असं झालं. चार ठोकळे संपले. बुंध्याचं जे उरलं होतं ते करवतीवाल्याने तेव्हाच भुसा आहे म्हणून जळणात नेलं होतं. तुतीचा आता परसात फक्त खड्डा आहे. तुम्ही एकच गोष्ट मागितलीत, तीही स्वतःसाठी नव्हे, आणि मी ती एकदा पोपटी केली, एकदा फोडली आणि एकदा जाळली. मला क्षमा करा असं लिहीत नाही, कारण तुम्ही कराल आणि मग मला आणखी वाईट वाटेल. रविवारी टेम्पो येईल, लेथ जाईल, तुमच्या कारखान्यात रिकामी फरशी राहील आणि आई छत्री टेकत फिरत राहील. आणि हे सगळं माझ्यामुळे, हे मला दर पावलाला त्या छत्रीच्या टोकाच्या आवाजाने आठवेल.

मामींना पुन्हा नमस्कार. इतकं मोठ्याने वाचून घसा बसला असेल, थोडं गरम पाणी प्यावं.

तुमचा,
भाचा (नालायक)

ता. क. खरं म्हणजे एवढं सगळं लिहिलं ते एका गोष्टीसाठी, आणि तीच लिहायची राहिली. मामा, लाकूड नाही तर नाही. पण रविवारी लेथ देण्याआधी एकदा इकडे या. रिकाम्या हाताने या. ती तुमचं नाव घेत नाही हे खरं, पण मी पत्र लिहायला बसलो की शेजारी येऊन बसते आणि 'तिकडे डोळ्यांचं कसं आहे' एवढं विचारते. तिकडे म्हणजे कुठे, ते सांगत नाही. मी विचारत नाही.

दुसरं ता. क. घरात पाकीट नाही. कोपऱ्यावर जाऊन आणतो, म्हणजे आजच्या आजच पडेल.

बारक्या, दिवटे चिरंजीव पाकीट आणायला गेलेत आणि पत्र टेबलावर उघडं टाकून गेलेत. टेबल पुसायला आले, म्हणून वाचलं. अगं, हे त्याला मोठ्याने वाचून दाखव.

पाचवा ठोकळा माझ्याकडे आहे. पहिल्याच दिवशी पाचही ठोकून बघितले. चार बदबद वाजले, एक खणखणीत. तो उचलून माझ्या कपड्यांच्या कपाटात ठेवला. चार महिने कोरड्यात आहे, त्याला काही पाजायला नको. आपल्या बाबांनी कधी लाकडाला काही पाजलं होतं का? याला सांगणार होते, पण याचं ते बुडबुड्यांचं काम बघायला बरं वाटत होतं. आणि तो ठोकळा कशासाठी हवा आहे हे मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

धूळ पुसत नव्हते. लाकूड ओलं केलं की आतलं दिसतं, बाबा तसंच बघायचे, तुला आठवत असेल. त्या काळ्या रेघांत मला आपलं झाड दिसत होतं, म्हणून रोज थोडा वेळ बघत होते. त्याचे आकडे पुसले गेले, त्याला इलाज नाही.

शनिवारी ठोकळा घेऊन मीच येते. मूठ माझ्या हाताची, तेव्हा मापाला हात माझाच लागेल. तुला दिसत नसेल तर मी लेथशी उभी राहून सांगत जाईन, पटाशी तू धर. टेम्पोवाल्याला सांग, आमचं झाल्याशिवाय लेथला हात लावायचा नाही. आणि स्कूटर तेवढी झाडाखाली लावू नकोस.

झाड पोकळच होतं. तू सांगितलं होतंस. आता पुन्हा म्हणू नकोस.

अक्का